एचएलए रिपोर्टची वाट बघत कान घालवू नका

लातूर-नांदेडकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. प्रतिकारशक्ती आतल्या कानावर उलटून ऐकू येईनासं झालं, तर म्हणे आधी रक्ताची एचएलए तपासणी, म्हणजे प्रतिकारशक्तीशी संबंधित जीनची तपासणी, करा. जीन ‘चांगला’ निघाला तर कान आपोआप सुटतो, ‘वाईट’ निघाला तर स्टिरॉइड घेऊन उपयोग नाही.

पहिलं, ‘जीनवरून निकाल कळतो.’ एचएलएचे जीन सहाव्या गुणसूत्रावर असतात, निम्मे आईकडून, निम्मे बापाकडून. जन्मभर तेच राहतात. हा आजार मात्र आठवड्यागणिक कमी-जास्त होतो. काही एचएलए प्रकार अशा रुग्णांत जास्त दिसल्याचे अभ्यास आहेत, हे खरं. पण ती गटाची गोष्ट झाली, समोरच्या एका माणसाची नाही. कंबरदुखीसाठी लिहून देतात ती एचएलए बी-२७ तपासणी आपल्याकडे अनेकांना माहीत आहे. ती पॉझिटिव्ह असलेल्या बहुतेकांना, ज्यासाठी ती करतात तो मणक्याचा आजार (अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस) कधीच होत नाही. तिथे जोडणी इतकी घट्ट असून ही गत, तर कानाच्या बाबतीत भाकीत कशाच्या जोरावर?

दुसरं, ‘वाईट जीन, स्टिरॉइड वाया.’ मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दोन्ही कानांचं ऐकणं झपाट्यानं घटणाऱ्या ११६ जणांना प्रेडनिसोलोनच्याच जातीचं प्रेडनिसोन हे स्टिरॉइड दिलं. त्यातल्या ६७ जणांचं ऐकणं सुधारलं आणि ते पुढच्या टप्प्यात गेले. त्या टप्प्यात प्रतिकारशक्ती दाबणारं मेथोट्रेक्सेट हे औषध खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या, गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. सुधारणा कशावर मोजली? जीनवर नाही, ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावर. तो कागद नीट बघा: लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्या कानाच्या, आणि रेघ जितकी खाली तितकं ऐकणं कमी. औषधाआधीचा आणि नंतरचा, असे दोन कागद शेजारी ठेवले की गुण आला की नाही ते दिसतं.

तिसरं, ‘आपोआप सुटतो.’ इथे दोन आजारांची खिचडी झालीय. ७२ तासांच्या आत, बहुधा एकाच कानाचं ऐकू येणं जातं तो वेगळा. त्यात काहींचं ऐकणं औषधाविना परत येतं. प्रतिकारशक्तीचा आजार सहसा दोन्ही कान धरतो, आठवड्यांत-महिन्यांत वाढतो. दोन्हींतही थांबून बघणं महागात पडतं. पहिल्यात तर पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झालेले बरे.

‘कानात दडा बसलाय’ म्हणून कोमट तेल घालत बसणारे मोंढ्यात काय, गावात काय, पुष्कळ. एका कानाची तक्रार असेल तर डॉक्टर थरथरता चिमटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क, कपाळाच्या मधोमध टेकवतात. मळानं कान बंद असेल तर आवाज त्याच कानात मोठा येतो. नस किंवा आतला कान दुखावला असेल तर चांगल्या कानाकडे जातो. मिनिटभराचं काम. त्यानंतर अंबाजोगाई, लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, जवळ पडेल तिथला कान-नाक-घसा विभाग गाठा आणि ऑडिओग्राम काढा.

स्टिरॉइड सुरू करण्याआधी साखरेचा आजार आहे का, जुना टीबी होता का, हे डॉक्टरांना सांगा. आणि बरं वाटलं म्हणून गोळी मनानं एकदम बंद करू नका. डोस उतरवत न्यावा लागतो.