'हवामानाचा कायदाच नाही' म्हणे, मग पूररेषा कसली?

आठवडाभर सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. भारतात हवामान बदलाचा कायदाच नाही म्हणून पूररेषेच्या नावाखाली बांधकाम परवानगी अडवणं बेकायदा, पूर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं येतो, आणि प्लॉटवर मुरूम टाकून उंची वाढवली की विषय संपला. माझ्या चुलतभावानं पण पाठवला, खाली 'नादखुळा' लिहून. फोनवर सांगून झालं, आता लिहूनच काढतो.

कायदा नाही हे अर्धं खरंय. त्या नावाचा एकच एक कायदा आपल्याकडं नाहीच, ब्रिटननं 2008 ला केला. पण 2024 ला माळढोक पक्ष्याच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं हे मान्य करून पुढं जे म्हटलं ते मेसेजवाल्यानं गाळलंय, की हवामान बदलाच्या वाईट परिणामांपासून संरक्षण हा घटनेच्या कलम 14 आणि 21 मधनं येणारा हक्क आहे. आता तो निकाल त्या पक्ष्याला धोक्याच्या ठरणाऱ्या राजस्थान-गुजरातच्या विजेच्या तारांचा, पूररेषेचा नाही, तेव्हा तो दाखवून उद्या कुणाचं बांधकाम थांबेल असं मी म्हणत नाही.

तशी गरजच नाही. पूररेषा राज्याच्या 2020 च्या बांधकाम नियमावलीतच आहे. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतनं एकदा येणारा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतनं. नदी ते निळी नवीन घर नाही, बाग, पार्किंग, स्मशान असलं चालतं. निळी ते लाल बांधता येतं, फक्त जोतं, म्हणजे घराचा चौथरा, लाल रेषेच्या पातळीपेक्षा 45 सेंटिमीटर उंच पाहिजे. म्हणजे सरसकट बंदी कुठाय? उलट मला तर नियमच ढिला वाटतो, कारण अशा रेषा मागच्या नोंदींवरनं काढतात, आणि आमच्या कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी 43 फूट असताना 2019 ला पाणी 55 च्या वर गेलं आणि दोनच वर्षांत 2021 ला परत तेच. कोर्ट म्हणतंय तो हक्क खरा मानायचा तर पुढचा पाऊस धरून रेषा काढायला नको का?

अलमट्टीचं थोडक्यात. 2019 च्या पुराची कारणं शोधायला राज्यानं नेमलेल्या वडनेरे समितीनं त्या धरणाला दोष दिला नाही, वाद अजून चालूय, चालू दे. पाणी कुणी पाठवलं यानं प्लॉटवरची पातळी बदलत नाही, आणि परवानगी देताना पातळीच बघायची असते.

आता मुरूम. जयंती नाल्याजवळ मित्राचं बैठं घर आहे, 2019 ला पाणी खिडकीच्या खालच्या गजापर्यंत होतं. मग शेजारच्या प्लॉटवर पुरुषभर भराव पडला, अपार्टमेंट झालं. 2021 ला पाणी वरच्या चौकटीला. पूरही जरा मोठा होता, सगळं खापर भरावावर फोडत नाही, पण आधी नाला उतरला की अंगण त्याच दिवशी मोकळं व्हायचं, यावेळी संडासातनं उलटं आलेलं काळं पाणी चार दिवस तिथंच, जायला वाटच नव्हती. पाणी जिरत नाही हो, शेजाऱ्याकडं सरकतं.

भावानं शेवटी विचारलं, बघितलेला प्लॉट कुठल्या रेषेत येतो ते कसं कळणार. म्हटलं झोन दाखला काढ, म्हणजे जमीन आराखड्यात कुठल्या झोनमध्ये येते त्याचा कागद, पाटबंधारे खात्याकडं पूररेषा बघून घे, एजंटच्या मोबाईलमधला नकाशा बघत बसू नको. दाखला अजून काढला नाही, मेसेज मात्र आणखी दोन ग्रुपवर टाकलाय.