गीझरची अर्थिंग काढू नका

थंडी पडली की एक मेसेज फिरायला लागतो: "गीझर लावला की खटका पडतो? अर्थिंगची वायर काढून टाका, नाहीतर न्यूट्रलला जोडा. तरीही पडला तर 16 चा एमसीबी काढून 32 चा बसवा." (एमसीबी म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा बोर्डातला खटका; 16 आणि 32 हे त्याचे अँपिअर.) मी वायरिंगची कामं करतो. असे 'दुरुस्त' केलेले गीझर मी उघडले आहेत, म्हणून हे लिहितोय.

अर्थिंग काढल्यावर खटका पडायचा थांबतो, हे खरं आहे. पण का थांबतो? कॉइलच्या तांब्याच्या नळीला क्षार साचून बारीक चीर पडते, पाणी आत शिरतं आणि करंट टाकीच्या पत्र्यावर उतरतो. तो अर्थिंगमधून निघून जातो, 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला (करंटची गळती ओळखणाऱ्या खटक्याला) ती कळते आणि तो सप्लाय तोडतो. अर्थिंग काढली की गळतीला वाटच उरत नाही. करंट टाकीवर आणि पाण्यात तसाच राहतो, आणि ओल्या फरशीवर उभं राहून नळाला हात लावणारा माणूस ती वाट होतो. आरसीसीबी नसेल तर त्याला वाचवणारं काहीच उरत नाही.

एका घरी आजी म्हणाल्या, "नळाला हात लावला की मुंग्या येतात रे." प्लग उघडला तर हिरवी वायर कापून तिच्यावर नीट टेप गुंडाळलेली. कॉइल बाहेर काढली तेव्हा पांढऱ्या थराखाली बोटभर लांब चीर होती. नवी कॉइल टाकली, वायर जागेवर जोडली. एवढंच काम होतं.

अर्थिंग न्यूट्रलला, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरला, जोडणं तर त्याहून वाईट. मागे कुठे न्यूट्रल सुटला, तर कॉइल धडधाकट असूनही फेज (येणारा करंट) तिच्यातून फिरून थेट टाकीवर येतो.

आता 32 चा एमसीबी. 2000 वॅटचा गीझर 230 व्होल्टला 9 अँपिअरही घेत नाही. म्हणजे 16 चा त्याला पुरेसा आहे. तो पडतोय तर कुठेतरी शॉर्ट आहे, स्क्रू ढिला होऊन एमसीबी तापतोय किंवा एमसीबीच गेलाय. एमसीबी भिंतीतल्या वायरला जपतो. अडीच चौरस एमएमच्या वायरवर 32 चा बसवलात तर आधी वायर तापेल, खटका नंतर पडेल.

दोष शोधायची सुरुवात सोपी आहे. प्लग काढून सॉकेटचं बटण लावा. तरीही खटका पडला तर दोष वायरिंगमध्ये, नाही पडला तर बहुधा गीझरमध्ये. पाणी तापल्यावर पाच-दहा मिनिटांनी पडत असेल तर माझा पहिला संशय कॉइलवर. सॉकेट काळं पडलंय, प्लग गरम लागतोय, तर जोड ढिला आहे; तो ना एमसीबीला कळतो ना आरसीसीबीला. पुढचं काम वायरमनचं: मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून कॉइल तपासून घ्या, नुसत्या टेस्टरवर भागवू देऊ नका.

तोवर प्लग काढलेलाच ठेवा आणि पाणी गॅसवर तापवा.