‘पुरुषांना यात ओढू नका’: त्या मेसेजला एका भावाचं उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज माझ्याकडं तीन ग्रुपांवरून आला. भावकीच्या, दहावीच्या बॅचच्या आणि द्राक्षवाल्यांच्या. या शेवटच्या ग्रुपवर एरवी द्राक्षावरचा डाऊनी रोग आणि औषधाच्या डोसाशिवाय दुसरं बोलणं नसतं. मजकूर थोडक्यात असा: शाळा-कॉलेजात पोरांना स्त्री-पुरुष समानता शिकवायचं खूळ निघालंय. ही परदेशी थेरं आहेत. कायदे आधीच सगळे बायकांच्या बाजूचे. बाईची खरी वैरीण बाईच. घरकाम शिकवलं की पोरं बायल्या होतात. आणि बायकांच्या जाचानं नवरे जीव देतायत, आत्महत्या केलेले विवाहित पुरुष ८१,०६३ आणि विवाहित स्त्रिया २८,६८०. तेव्हा पुरुषांना यात ओढू नका. खाली जोडलेले हात आणि ‘सहमत असाल तर पुढे पाठवा’.

मी सहमत नाही.

परदेशी थेरांचं आधी उरकून टाकू. टेंभू म्हटलं की आता आमच्या तासगाव भागात टेंभू योजनेच्या पाण्याचं आवर्तन कधी सुटणार एवढंच आठवतं. त्याच कराडजवळच्या टेंभूत १८५६ साली गोपाळ गणेश आगरकर जन्मले. मुलामुलींना एकच शिक्षण द्या आणि तेही एकत्र द्या, हे लिहून १८९५ साली ते गेलेसुद्धा. सावित्रीबाई खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या, जोतीरावांच्या घराण्याचं मूळ गाव खटावातलं कटगुण. नवऱ्यानं बायकोला घरात बसवून अक्षरं शिकवली आणि शाळेपायी दोघांनी बापाचं घर सोडलं. सातारा जिल्ह्यातून परदेश नेमका कुठल्या फाट्यावरून लागतो?

आता कायदे. इथं मला स्वतःबद्दलच बोलावं लागणार आहे.

वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका हिस्सा महाराष्ट्रात १९९४ साली मिळाला. त्यातून आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या, तीही अट २००५ च्या दुरुस्तीनं गेली. बाप २००५ ला हयात होता की नव्हता यावरून घातला जाणारा घोळ सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये मिटवला. कागदावर आणखी काय पाहिजे? मेसेजवाल्याचं इथवर बरोबर आहे.

पण आमचे वडील वारले तेव्हा काय झालं ते सांगतो. तेरावं झालं, पाहुणे पांगले आणि चुलत्यांनी विषय काढला, “पोरीची हक्कसोड उरकून घ्या, नंतर जावयाच्या मनात काय येईल सांगता येत नाही.” म्हणजे जमिनीतला हिस्सा सोडल्याचं तिच्याकडून लिहून घ्या. बहिणीला कुणी दमदाटी केली नाही. आत्यानं फक्त एवढंच म्हटलं, “भावाशी वाकडं घेऊ नको बाई, माहेरची वाट राहू दे.” दुसऱ्या दिवशी तालुक्याला निबंधकाच्या ऑफिसात गेलो. तिथल्या कॅमेऱ्यापुढं तिचा फोटो काढला, अंगठा घेतला. पदर सारखा करून ती फोटोला बसली, जशी लग्नाच्या फोटोला बसली होती. बाहेर आल्यावर मी तिला साडी घेतली, उसाचा रस पाजला आणि येष्टीत बसवून दिलं. सव्वा दोन एकरातला तिचा हिस्सा एका साडीत फिटला आणि ती वर खिडकीतून म्हणाली, “दादा, उन्हात थांबू नको.”

कायदा तिच्या बाजूचाच होता. तिच्यासमोर पेन धरून उभा होतो तो मी. आमच्या गावात फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावबदलाची नोंद, निघाला की चावडीवर बहुतेक वेळा असंच चित्र दिसतं, आणि ज्या बहिणीनं सही नाकारली तिला भाऊबीजेला बोलावणं जात नाही. हे बायकांचं शिबिर घेऊन कसं सुटणार? बहिणीला तिचा हक्क माहीत आहेच. शिकवायचं आहे ते भावाला, आणि तो चाळिशीला पोचायच्या आधी.

बाईची वैरीण बाई. सासू सुनेला छळते, खरं आहे. सासूला हे बळ येतं कुठून? घर-जमीन मुलाच्या नावावर आणि मुलगा तिचा, यातून. साताऱ्यात २०११ साली जिल्हा परिषदेनं एका कार्यक्रमात २८५ मुलींची नावं बदलली. त्या सगळ्यांचं नाव ‘नकुशा’, म्हणजे नको असलेली, होतं. शाळेत ते नाव घातलं तेव्हा दाखल्यावर पालक म्हणून सही कुणाची असते? त्याच वर्षीच्या जनगणनेत आमच्या सांगली जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलग्यांमागं मुली नऊशेही भरल्या नव्हत्या. २०१७ च्या मार्चमध्ये मिरज तालुक्यात म्हैसाळला पुरलेले १९ भ्रूण सापडले. गर्भपाताच्या त्या दवाखान्यापर्यंत बायका काय एकट्या चालत गेल्या होत्या?

बायल्या होण्याच्या भीतीवर फार लिहीत नाही. कुठल्याही तालमीत जाऊन बघा. पैलवान पोरं आळीपाळीनं चपात्या लाटतात, भांडी घासतात, तालीम झाडतात, आणि वस्तादापुढं कुणाची ‘हे बायकांचं काम’ म्हणायची छाती नसते. तोच गडी घरी आला की पाण्याचा तांब्याही हातात लागतो. सरकारच्या २०२४ च्या वेळ-पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषाची ८८. आणि हे ८८ फक्त जे करतात त्यांचे.

एक गोष्ट मात्र मान्य. समानतेत पुरुष आणायचे म्हणजे त्यांना स्टेजवर आणायचं, असं काही जण समजतात. आठ मार्चला महिला सरपंच खाली सतरंजीवर आणि ‘सरपंचपती’ माइकवर, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एकदा चहा केला म्हणून नवऱ्याला फेटा बांधणारे कार्यक्रमही होतात. असल्या ओढण्याला माझाही विरोध आहे.

राहिले आकडे. ८१,०६३ विवाहित पुरुष आणि २८,६८० विवाहित स्त्रिया, हे सरकारी अहवालातले २०२१ च्या आत्महत्यांचे आहेत आणि खरे आहेत. पण मेसेजवाल्यानं रकाने बघितले नाहीत. त्या वर्षीच्या एकूण आत्महत्यांत ‘लग्नाशी संबंधित’ कारण ४.८ टक्के आहे. ‘कौटुंबिक समस्या’ ३३.२ टक्के, पण त्यात बायकोचा जाच किती हे कुठंही लिहिलेलं नाही. जीव देणाऱ्यांत दर चारातला एक रोजंदारीवरचा होता. हेच आकडे घेऊन पुरुष आयोग मागायला गेलेली याचिका सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये ऐकून घेतली नाही.

पुरुष मरतायत ही गोष्ट मात्र मी हसण्यावारी नेणार नाही, कारण आमच्या बागायतदारांच्या ग्रुपवरचे दोन नंबर आता बंद आहेत. दोघांच्याही घरी मी मातीला गेलो होतो. एकाच्या बायकोला सोसायटीचं कर्ज माहीत होतं, औषध दुकानाची उधारी माहीत नव्हती, हातउसने तर नाहीच. फळछाटणीपासून ती रोज त्याच्याबरोबर बागेत राबत होती, विरळणीला, डिपिंगला, आणि आकडा तिला कळला तो तिसऱ्या दिवशी, घरी आलेल्या दुकानदाराकडून. त्यानं तिला का सांगितलं नसेल, हे त्या ग्रुपवरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आम्हीही घरी सांगत नाही.