युती बंद करू नका, खिसे वेगळे करा

नमस्कार. वॉरहॅमर ४०,००० या फाशांनी आणि छोट्या मॉडेलांनी टेबलावर खेळायच्या युद्धखेळाच्या आठव्या आवृत्तीत युतीच्या, म्हणजे दोन वेगळ्या फौजा एकत्र आणण्याच्या, नियमांतून किती फायदा पिळून काढता येतो, या लेखावर तुम्ही मनापासून आणि रागाने लिहिलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 'लॉयल ३२', म्हणजे दुसऱ्या महागड्या फौजेच्या मदतीला घेतलेले स्वस्त ३२ शिपाई, ही शुद्ध फसवणूक आहे, लेखाने ती शिकवली, त्यापायी तुमच्या ठाण्याच्या गटातून दोन नवी मुलं यायची थांबली, आणि आता गटाने युतीवर सरसकट बंदी घालायला हवी. मुलं यायची थांबली हे वाचून वाईट वाटलं. बंदीबद्दल मात्र तुमच्याशी वाद घालायचा आहे.

फासा बोटाने वळवणं, टेप दोन इंच पुढे सरकवणं ही फसवणूक. लॉयल ३२ मध्ये एकही नियम मोडत नाही. पॉइंट म्हणजे मॉडेलचा भाव. 'गार्ड', म्हणजे इम्पीरियम या खेळातल्या मानवी साम्राज्याचं साधं पायदळ, त्यातले ३० पॉइंटचा एकेक असे दोन कंपनी कमांडर आणि ४० पॉइंटची, दहा-दहा जणांची तीन इन्फन्ट्री स्क्वॉड. ३२ मॉडेल, १८० पॉइंट, आणि बटालियन, म्हणजे ठरावीक अधिकारी-शिपायांची एक डिटॅचमेंट (तुकडी), पुरी. एप्रिल २०१८च्या एफएक्यूने (नियमांच्या अधिकृत दुरुस्तीने) बटालियनमागे मिळणारे कमांड पॉइंट, म्हणजे स्ट्रॅटजेम (खास डाव) खेळायचं चलन, ३ वरून ५ केले, तेव्हा एक कमांड पॉइंट ६० ऐवजी ३६ पॉइंटांना मिळू लागला. स्पेस मरीनची बटालियन स्काउट घेऊन भरायला गेलात तर तीन स्क्वॉडचेच १६५ होतात, दोन अधिकाऱ्यांचे पैसे वेगळे. म्हणजे चूक खेळाडूच्या हेतूत नाही, भावात आहे. गंमत अशी की त्याच एफएक्यूने एका डिटॅचमेंटमध्ये नुसत्या 'इम्पीरियम' कीवर्डवर सरमिसळ करायला मनाई केली होती. पण डिटॅचमेंट वेगळ्या झाल्या तरी तिजोरी एकच राहिली, आणि गळती तिथेच होती.

ती किती मोठी होती ते नाइट कॅस्टेलन या अवाढव्य यंत्रावर बघा. कॅस्टेलन तेव्हा ६०४ पॉइंटचा, २८ वूंड्स (एवढं नुकसान झालं की तो पडतो). लॅसकॅननच्या एका फटक्याचं सरासरी नुकसान साडेतीन, म्हणजे तो पाडायला सेव्ह चुकलेले ८ फटके हवेत. मूळच्या ५+ इनव्हल्नरेबल सेव्हवर (कुठलंही शस्त्र असो, ५ किंवा ६ आला की फटका वाया) सहापैकी चार वेळा सेव्ह चुकतो, म्हणून वूंड करणारे १२ फटके पुरतात. आयन बुलवर्क हा वॉरलॉर्ड ट्रेट (सेनापतीचा खास गुण) दिला की सेव्ह ४+ होतो आणि १६ लागतात. त्यावर रोटेट आयन शील्ड्स हे स्ट्रॅटजेम वापरलं की ३+, आणि आकडा २४ वर जातो. बाराचे चोवीस! एकट्या कॅस्टेलनच्या सुपर-हेवी ऑक्झिलरी डिटॅचमेंटला कमांड पॉइंट शून्य मिळतात, त्यामुळे ही ढाल दर वळणाला फिरवायचं बिल मागे उभे असलेले ३२ शिपाई भरत होते. एप्रिल २०१९ मध्ये त्या स्ट्रॅटजेमला ४+ची मर्यादा आली आणि कॅस्टेलन १०० पॉइंटांनी महागला. तुमचा गट जुनी पुस्तकं वापरत असेल तर आधी हे बदल छापून टेबलावर ठेवा. निम्मं भांडण तिथेच मिटेल.

सहाव्या आवृत्तीत गळती दुसरीकडे होती. तिथे उसनी मिळायची ती क्षमता. एल्डार आणि ताऊ या दोन फौजा 'बॅटल ब्रदर्स' (सर्वांत जवळचे मित्र), म्हणून एल्डारच्या फारसीअरची गाइड ही नेम सुधारणारी शक्ती ताऊच्या रिपटाइड यंत्रावर चालायची. नाइलाजाने एकत्र आलेल्या 'डेस्परेट अलाइज'ना दंड होता खरा: सहा इंचांच्या आत आलात तर फासा टाका, १ आला तर ते युनिट त्या वळणात काहीच करणार नाही. पण दोन्ही फौजा सात इंच लांब मांडल्या की दंडाचा प्रश्नच येत नसे. मैत्रीची पायरी ठरवणारे तक्ते असे टेपने हरवता येतात, म्हणून अमुकशी युती चालेल नि तमुकशी नाही, अशी यादी करत बसू नका.

सरसकट बंदीचा फटका कोणाला बसेल तेही बघा. मुंबईत बॉक्स महाग आणि घरात कपाट एकच. नव्या खेळाडूकडे बहुधा ५०० पॉइंटचे ब्लड एंजल्स (स्पेस मरीनची एक फौज) आणि ५०० पॉइंटचे गार्ड असतात, त्यांचे मिळून तो हजार करतो. बंदी आली की घरी बसणार तो. कॅस्टेलनवाला उद्या नुसते नाइट घेऊन येईल.

त्यापेक्षा खिसे वेगळे करा. हा घरचा नियम आहे, अधिकृत नाही. बॅटल-फोर्ज्ड, म्हणजे नियमाने बांधलेल्या, फौजेला मिळणारे ३ कमांड पॉइंट सामाईक. बाकीचे ज्या डिटॅचमेंटने मिळवले तिच्याच फौजेच्या युनिटवर खर्चायचे. मोजायला कॅरमच्या सोंगट्या घ्या: गार्डच्या ५ पांढऱ्या, ब्लड एंजल्सच्या ५ काळ्या, आणि सामाईक तिनांसाठी रुपयाची नाणी. आता कॅस्टेलनच्या वाट्याला अख्ख्या सामन्यात तीन नाणी. लढाईआधी विकत घेतलेला जादा रेलिकही (खास शस्त्र किंवा वस्तू) त्याच खिशातून. आणि गार्डच्या पाच सोंगट्या वाया घालवायच्या नसतील तर त्या बत्तीस जणांना टेक कव्हर हे स्ट्रॅटजेम देऊन ऑब्जेक्टिव्हवर (गुण मिळवून देणाऱ्या जागेवर) खरंच लढवावं लागेल.

दोन ठिकाणी हमखास वाद होतो. कमांड री-रोल (फासा पुन्हा टाकायचं स्ट्रॅटजेम) कोणाच्या खिशातून? ज्या युनिटचा फासा, त्याच्या. ग्रँड स्ट्रॅटेजिस्ट या गार्डच्या वॉरलॉर्ड ट्रेटने परत मिळालेला पॉइंट कुठे जाणार? जिथून खर्च झाला त्याच रंगात. सप्टेंबर २०१८पासून एका बॅटल राउंडमध्ये असा एकच पॉइंट मिळतो, तोही नियम विसरू नका. नवव्या आवृत्तीने पुढे हाच विचार उलट्या बाजूने केला: २००० पॉइंटच्या सामन्यात सुरुवातीला दोघांनाही १२, आणि जादा डिटॅचमेंट घ्यायची तर त्यातूनच मोजायचे. दहाव्यात तर प्रत्येक कमांड फेजला दोघांनाही एकेकच, फौज कशीही बांधा.

एका बाबतीत तुमचं शंभर टक्के बरोबर आहे, आणि मूळ लेखात ते यायलाच हवं होतं: अशी लिस्ट समोरच्याला न सांगता टेबलावर आणणं वाईट. विरारहून फोम लावलेला डबा गर्दीत सांभाळत आलेल्या मुलाची फौज दुसऱ्या वळणात संपली, तर त्याचा अख्खा रविवार गेला. दोन्ही लिस्ट आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर टाका आणि प्रत्येक डिटॅचमेंटपुढे तिचे कमांड पॉइंट लिहा. त्या दोन मुलांना पुन्हा बोलवाल तेव्हा पहिला सामना हजार पॉइंटचा ठेवा. महागलेला ७०४चा कॅस्टेलन आणि १८०चे गार्ड धरले की हजारात ११६ उरतात. तेवढ्यात दुसरी बटालियन भरणं अवघड आहे.