अक्का, हेप्पु ऐतेन्री?

बेळगावच्या थंडीत दही लागणं म्हणजे निवडणुकीचा निकाल. सकाळी झाकण काढेपर्यंत काही खरं नसतं. रात्री अर्धा लिटर दूध तापवून कोमट केलं, करंगळी दहा आकडे सुखाने आत राहील इतकं, म्हणजे ४० अंशांच्या आसपास. चमचाभर विरजण घोळलं, पातेलं टॉवेलात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवलं. दहा तासांनी पाहावं तर दूध जिथल्या तिथे!

कढत दुधात घातलं की जिवाणू शिजतात, गार दुधात घातलं की झोपतात. लवकर लागावं म्हणून चार चमचे घातले की दही आंबट ढाण आणि वर पाणी. विरजण फार जुनं असेल तर मात्र त्यातले बरेचसे आपल्याच आंबटपणाने गारद झालेले असतात. तिथे टॉवेल काय करणार?

मग मी वाटी घेऊन शेजारी. "अक्का, हेप्पु ऐतेन्री?" विरजण मागण्यापुरती कानडी इथल्या प्रत्येक मराठी माणसाला येते. दिवेलागणीनंतर मात्र दोन्ही भाषांत ते मिळत नाही.

या वाटीमुळे दोन्ही घरांची पोटं सारखी होत असतील, असं वाटतं. तसं नाही. दह्यातले बहुतेक जिवाणू पाहुणे; चार दिवस राहून निघतात. कायमचे भाडेकरू येतात ते माणसाकडून. २०२३ साली बऱ्याच देशांतले नमुने तपासून निघालेला हिशेब असा: आई आणि तान्ह्या बाळाच्या आतड्यात ज्या जातींचे जिवाणू दोघांकडेही सापडतात, त्यांतल्या साधारण निम्म्या जातींत पहिल्या वर्षी वाणही अगदी एकच, म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे गेलेला. एका छताखाली राहणाऱ्यांत हे प्रमाण आतड्यात १२ टक्के, तोंडात ३२. तोंडाचा आकडा मोठा का, हे कुंद्याच्या डब्यात एकच चमचा फिरताना ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. 'उष्टं खाऊ नये' म्हणणारी आज्जीच घास फुंकून नातवाला भरवते. दहा सेकंदांच्या चुंबनात आठ कोटी जिवाणू पलीकडे जातात, असंही मोजलंय. ते आज्जीला कोणी सांगितलेलं नाही.

वाटी रिकामी परत द्यायची नाही, म्हणून मी चार शेंगदाण्याचे लाडू घालून देतो. पंधरा दिवसांनी अक्कांचं दही बिघडतं. त्या वाटी घेऊन येतात, आणि मी त्यांचंच हेप्पु त्यांना उपकार केल्यासारखं देतो.