‘फुगवटा’ म्हणण्याआधी

नमस्कार डॉक्टर,

मेडिकल कॉलेजच्या नोकरीसाठी सीव्ही कसा लिहावा, या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया अशी होती: “जुनाट सल्ला. सीव्ही दोन पानांत बसलाच पाहिजे. फोटो, वडिलांचं नाव कशाला? आणि प्रत्येक पेपरखाली सगळ्या लेखकांची नावं म्हणजे निव्वळ फुगवटा. मॅडम, जरा बाहेर काय चाललंय ते बघा.”

वडिलांच्या नावाचं पटलं, लेखातून काढलं. दोन पानांचा नियम कॉर्पोरेट हॉस्पिटलला ठीक. मी मेडिकल कॉलेजबद्दल लिहिलं होतं, आणि तसं पहिल्याच ओळीत सांगितलं होतं. फोटोवर वाद घालायला मला वेळ नाही.

पण फुगवटा? हा शब्द मला लागला. असहमती नीट शब्दांतही सांगता येते.

एनएमसीच्या, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या, 2022च्या नियमांत (2025मध्ये ते बदलले) असिस्टंट प्रोफेसरचा असोसिएट व्हायला चार वर्षांचा अनुभव आणि दोन रिसर्च पेपर लागायचे. पेपर धरायचा कुणाचा? पहिल्या तीन लेखकांत नाव असेल किंवा तुम्ही करस्पाँडिंग ऑथर (पेपरबद्दलचा पत्रव्यवहार सांभाळणारा लेखक) असाल, त्याचाच. आता पहिलं नाव आणि पुढे ‘एट अल’ (‘आणि इतर’) लिहून मोकळे झालात, तर तुमचा नंबर कितवा हे कमिटीनं ओळखायचं कसं? संदर्भ लिहिण्याच्या व्हँकूव्हर पद्धतीत सहा नावांनंतर ‘एट अल’ चालतं, पण ती सोय लेखाखालच्या संदर्भयादीसाठी आहे, तुमच्या नोकरीसाठी नाही.

मी हे ऐकीव सांगत नाही. एका कॉलेजच्या मुलाखतीला मी असाच सुटसुटीत दोन पानी सीव्ही नेला होता. डोंबिवलीहून सकाळची लोकल, गर्दीत ओरिजिनल्सची फाइल छातीशी धरलेली. पॅनेलवरच्या बाईंनी ‘एट अल’वर पेनाचं टोक टेकवून विचारलं, “यात तुम्ही कुठे?” मी दुसरी लेखिका होते. तोंडी सांगितलं, पण पेपरची झेरॉक्स घरी राहिली होती. त्यांनी त्या ओळीपुढे बारीकसं प्रश्नचिन्ह काढलं. जागा दुसऱ्याला गेली. त्या पेपरसाठी आठ महिने ड्यूटी संपल्यावर रेकॉर्ड रूममध्ये बसून मी केसपेपरांतून आकडे हातानं उतरवले होते. त्यातलं माझं नाव फुगवटा?

बाहेर काय चाललंय ते मला दर वर्षी दिसतं. आमच्या रेसिडेंटांचे सीव्ही मीच तपासते. तुमचा एखादा पेपर सगळ्या नावांसकट लिहा, स्वतःचं नाव ठळक करा, शेवटी पीएमआयडी (पबमेडवरचा त्या पेपरचा क्रमांक) टाका. किती ओळी वाढल्या ते मोजून मला कळवा.