पंचावन्नच्या पुढच्यांना घरी बसवायचं म्हणे

सध्या फिरतोय तो मेसेज असा: '५५ च्या पुढच्यांना सक्तीने निवृत्त करा. ते नवं शिकत नाहीत, तरुणांच्या जागा अडवतात आणि दुप्पट पगारात निम्मं काम करतात.' घरच्या ग्रुपवर तो टाकला माझ्याच भाच्याने. मी ५८ चा, फोर्टमधल्या एका सरकारी बँकेत. रोख कुणावर, हे सांगायला नको.

नवं शिकत नाहीत? १९८९ ला मी लागलो तेव्हा लेजर, म्हणजे खातेवह्या, हाताने लिहायचो. बॅलन्सिंगमध्ये एक रुपया जुळेना म्हणून रात्री नऊपर्यंत बसलोय, तो रुपया अजून आठवतो. मग लेजर पोस्टिंगची मशीनं आली, मग शाखेत कॉम्प्युटर, मग सगळ्या शाखा एकाच यंत्रणेला जोडणारं कोअर बँकिंग. २०१६ ला यूपीआय आलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदी. बाहेर रांग वळसा घालून पलीकडच्या गल्लीत गेलेली. तेव्हा काउंटरवर आम्हीच होतो. प्रत्येक वेळी जुनं विसरून नवं शिकलो, तेही शाखा चालू ठेवून. 'बाळा, जरा पासवर्ड बदलून दे' म्हणणारे आमच्यात आहेत, कबूल. तसे तिशीतलेही आहेत.

जागा अडवतात, हे तर आमच्या डोळ्यांसमोर खोटं ठरलंय. २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्तीत सरकारी बँकांतून सुमारे एक लाख माणसं गेली. त्या खुर्च्यांवर लगेच तरुण येऊन बसले का? बरीच वर्षं मोठी भरतीच नव्हती. उरलेल्यांनी दोघादोघांची टेबलं सांभाळली.

पगाराचा मुद्दा अर्धा खरा. इन्क्रिमेंट साठत जातात, तेव्हा जुन्याचा पगार जास्तच असणार. निम्म्या कामाचा हिशेब मात्र कुणी मांडून दाखवलेला नाही. खातेदार वारला, नॉमिनी नाही, तीन मुलं तीन दिशांना, असा दावा आला की टेबल कुणाचं शोधतात, ते शाखेत येऊन बघा.

आणि ५५ ला घरी बसून खायचं काय? खासगी नोकरीतली ईपीएसची, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेची, पूर्ण पेन्शन ५८ ला सुरू होते. आधी घेतली तर दर वर्षामागे ४ टक्के कापून मिळते, आणि किमान रक्कम महिना १,००० रुपये.

भाचा मरोळला सॉफ्टवेअरमध्ये आहे, वय ३४. विचारलं, तुमच्या टीममध्ये चाळिशीच्या पुढचे किती रे?

"दोघं, मामा. त्यातला एक नोटीस पिरिअडवर."